सांभाळणारं कोणी नाही

राद्काने दारातच बूट काढले आणि ओताकारने पुढे सरकवलेल्या सपाता पायांत घातल्या. त्याची नजर टाळायला ती गरजेपेक्षा जास्तच वेळ वाकून राहिली.

"कामाच्या दिवशी ट्रामने इतक्या लांब आलीस, म्हणजे बातमी वाईट असणार," तो म्हणाला.

"तुमचा कोड काढला, ओताकार. आज सकाळी."

संगणकात काही बदलायला गेलं की पासवर्ड विचारणारी चौकट वर येते. कोणाला परवानगी द्यायची, हे त्या चौकटीमागे ओताकारचा कोड ठरवत असे. एकोणीस वर्षं नोकरी सांभाळून, फुकट, त्याने तो जपला होता. आता नवी व्यवस्था आली होती आणि ब्रनो शहरातल्या त्यांच्या प्रोग्रामरांच्या छोट्या गटात जुनं काढायचं काम राद्काकडे आलं होतं. तिला हे सगळं शिकवलं होतं त्यानेच.

"त्यात काय! म्हाताऱ्यांना कधीतरी घरी पाठवतातच."

"कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, 'सांभाळणारं कोणी नाही.'" "तुम्ही एप्रिलात दुरुस्त्या पाठवल्या होत्या. मी उघडल्यासुद्धा नाहीत. वाचल्या असत्या तर काढायला हात धजावला नसता."

ओताकारने मुरंबा भरलेल्या बनांची थाळी तिच्यापुढे ठेवली. स्वतः घेतला नाही.

"त्या साध्या दुरुस्त्या नव्हत्या," तो खिडकीकडे पाहत म्हणाला. "भोक होतं त्यात. पाहुणा म्हणून शिरलेला कोणीही मालक होऊन बसला असता. मला चार वर्षांपूर्वीच दिसलं होतं."

"चार वर्षं? आणि बोलला नाहीत?"

"लाज वाटली गं. म्हटलं, गुपचूप बुजवू."

जुनी आवृत्ती अजून कितीतरी घरांत, शाळांत चालू होती. एप्रिलपर्यंतची चूक त्याची. पण एप्रिलपासूनचे सहा महिने तिचे होते. राद्काने हातातला बन खाली ठेवला आणि लॅपटॉप उघडून त्या भोकाबद्दल सगळ्यांना सावध करणारी जाहीर सूचना लिहायला घेतली.

"माझं नाव घाल. लपवू नकोस."

तिने घातलं, त्याला ते भोक दिसल्याचं वर्षही घातलं. मग खाली आणखी एक ओळ लिहून लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. 'दुरुस्ती एप्रिलमध्ये आली होती. मी वाचली नाही. — राद्का.'

त्याने चष्मा लावून वाचलं.

"तुझी ओळ काढ."

"मग तुमचीही काढू?"

चष्मा काढून त्याने मानेनेच नाही म्हटलं, आणि तिने दोन्ही ओळी तशाच ठेवून सूचना पाठवली.