पाठमोरी राणी

अकरा वर्षांत माझं नाव पहिल्यांदा छापून आलं, तेही चहापुढे. "चहापान व्यवस्था : पद्मजा तगारे." नाटकाच्या प्रयोगाची पत्रिका हातात धरून मी मेकअपच्या खोलीत उभी होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चहा मी कधी केलाच नव्हता. मी राणी होते. म्हणजे अर्धी.

आमच्या दिल्लीच्या मंडळाचं गाजलेलं असं एकच नाटक. जुनं, पौराणिक, संगीत. तिसऱ्या अंकात राणी उजवीकडच्या अग्निकुंडात उडी घेते आणि त्याच क्षणी डावीकडच्या डोंगरावर उभी दिसते, गात. लोक तोंडात बोट घालतात. कुंडाखालच्या फळ्यांत एक झाकण आहे. राणीचं काम करणारी विजयालक्ष्मी त्यातून खाली गादीवर पडते आणि तिथूनच गाते. डोंगरावर तसाच लाल शालू नेसून, डोक्यावरून पदर घेऊन, पाठमोरी उभी असते ती मी.

दिग्दर्शक राजाभाऊ. त्यांच्या वडिलांपासूनचा नियम असा की या दुसऱ्या राणीचं नाव पत्रिकेत घालायचं नाही, शेवटी तिची ओळख करून द्यायची नाही आणि तिने घरीसुद्धा सांगायचं नाही. पूजेच्या नारळावर हात ठेवून मी तशी शपथ घेतली होती. माझी आई दर वर्षी फरीदाबादहून दोन बस बदलून येते, तिसऱ्या रांगेत बसते आणि परतताना विचारते, "तू कुठे होतीस गं?" मी म्हणते, "आत, मदतीला." मग ती पुण्याच्या मावशीला लिहिते, पद्मजा नाटकवाल्यांचं चहापाणी बघते. मिनिस्ट्रीत फायली सरकवण्यात माझी चाळिशी आली. आईला सांगावं असं माझ्याकडे एवढं एकच होतं, आणि तेच सांगायची बंदी.

यंदाचा प्रयोग शेवटचा. हा हॉल पाडणार होते, आणि नव्या हॉलचा रंगमंच सिमेंटचा, तिथे झाकण कुठलं? म्हणून दिवाळीत राजाभाऊ आपणहून म्हणाले होते, "शेवटी स्टेजवर तुझी ओळख करून देतो. बिल्कुल!"

मी पत्रिका त्यांच्या नाकासमोर धरली.

"अगं, कमिटीत ठरलं तसं," ते म्हणाले. "जादू शेवटपर्यंत जादूच राहायला हवी. आणि छापलंय की यार तुझं नाव!"

"चहाला?"

"मग? चहा काय हलकं काम आहे?"

"मग तुमचंच नाव घालायचं होतंत तिथे."

"पद्मजा, आत्ता नको हं," विजयालक्ष्मी आरशातूनच म्हणाली. "माझा आवाज लागायचाय." तिच्या सत्काराची शाल आणि मानपत्र टेबलावर तयार होतं, माझ्या पदराच्या टाचण्यांशेजारी. मी टाचण्या उचलल्या आणि शालू नेसले. पदराला मात्र एकही लावली नाही.

तिसरा अंक आला. धूर झाला, विजयालक्ष्मीने उडी घेतली, झाकण धप्पकन बंद झालं आणि माझ्यावर निळा प्रकाश पडला. हॉलभर तो "अहाहा" उठला. अकरा वर्षं मी तो पाठीवर झेलला होता.

मी वळले. पदर खांद्यावर टाकला. आणि तोंड घट्ट मिटून घेतलं.

खालून गाणं चालूच होतं. बिचारीला वरचं काय दिसणार? ती ताना घेत होती आणि मी मिटल्या ओठांनी लोकांकडे बघत उभी. पहिल्या रांगेतले पाहुणे एकदा माझ्याकडे बघत, एकदा फळ्यांकडे. कोणीतरी फिसकन हसलं. विंगेतून राजाभाऊ दातओठ खात हातवारे करत होते, वळ, वळ! पण संतापच एवढा होता की मी जागची हलले नाही.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "अगंबाई! ही तर आमची पद्मजा!"

राजाभाऊंनी पडदा पाडायला लावला. खाली विजयालक्ष्मी झाकणावर धडाधडा ठोकत होती, पण तिच्याकडे बघायला कोणाला वेळ नव्हता.

"दोन पिढ्यांची जादू मातीत घातलीस!" राजाभाऊ माझ्यावर ओरडले. "नारळावर हात ठेवून शपथ घेतली होतीस तू!"

मी तोंड उघडणार, तोच विंगेतला कठडा धरत धरत आई आत आली. तिच्या हातात पत्रिका होती. तिने राजाभाऊंना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"कसली जादू हो?" ती म्हणाली. "अकरा वर्षं माझ्या डोळ्यांदेखत माझी मुलगी गायब केलीत, ती?"

आईने मला खुर्चीवर बसवलं, माझा पदर सारखा केला आणि हातातली पत्रिका त्यांच्या हातात दिली.

"माझी मुलगी दमली आहे," ती म्हणाली. "दोन कप चहा आणा."