आईच्या आईचं नाव

घरोघरी एक तरी माणूस असा निघतोच, ज्याला पूर्वजांचं वेड लागलेलं असतं. टेबलावर गरम सूप निवत असतं आणि हा विचारत असतो, "आजी, तुमच्या सासूबाईंचं माहेरचं आडनाव काय हो?" पोलंडमधल्या स्विद्नित्साजवळच्या मादेय कुटुंबात हे वेड लुत्सिनाला होतं. दिवसभर पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात ती जिवंत माणसांच्या तक्रारी ऐकायची आणि घरी आली की मेलेल्यांच्या मागे लागायची.

जे सापडेल ते लगेच मोबाइलवर, कुटुंबाच्या ग्रुपवर. पणजोबांचं लग्न कुठल्या चर्चमध्ये लागलं, कोण अमेरिकेला पळालं, कोणाला दोन बायका होत्या. सगळे वाहवा करायचे. आपण घराण्याची सेवा करतोय, असं तिला मनापासून वाटायचं.

वडिलांकडची वंशावळ भरगच्च झाली होती. आईची बाजू मात्र मोकळीच. आनिएलाबाई ऐंशीच्या पुढच्या. विषय निघाला की म्हणायच्या, "माझी माणसं युद्धात गेली. कशाला उकरून काढतेस?"

शेवटी लुत्सिनाने शक्कल लढवली. एके सकाळी तिने एक छोटी नळी आईपुढे धरली.

"यात थुंक जरा. तब्येतीची तपासणी आहे."

"थुंकीत काय डोंबल दिसतं?"

"हल्ली सगळं दिसतं, आई."

आई हसली आणि थुंकली. पोटच्या लेकीवर कोण संशय घेणार?

ऑक्टोबरच्या अखेरीस त्या डीएनए चाचणीचा निकाल आला. आईच्या रक्ताची जी माणसं निघाली त्यांतलं एकही पोलंडमधलं नव्हतं. सगळी जर्मनीतली! तिने हाम्बुर्गच्या एका बाईला विचारलं, तर त्याच दिवशी उत्तर आलं. त्या बाईचे आजोबा आपल्या धाकट्या बहिणीला जन्मभर शोधत होते. युद्ध संपलं त्या वर्षी, हा भाग जर्मनीकडून पोलंडकडे आला आणि इथले जर्मन लोक घरंदारं टाकून निघत होते तेव्हा, त्यांची आई ओटिली तापाने गेली. मुलाला शेजाऱ्यांनी बरोबर नेलं. चार वर्षांची पोर मागे राहिली.

आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? निदान आईजवळ जाऊन बसलो असतो. लुत्सिनाने मात्र सवयीप्रमाणे ग्रुप उघडला. "बसा आधी सगळे! आपली आई जन्माने जर्मन! खऱ्या आजीचं नाव ओटिली." खाली तिने फुलांचं चित्रही टाकलं. आईकडे साधा बटणांचा फोन होता, त्यामुळे तिला यातलं काहीच कळलं नाही. एरवी चुरूचुरू बोलणारा ग्रुप त्या दिवशी गप्प होता. लुत्सिनाला वाटलं, सणाची गडबड असेल.

सण म्हणजे पहिला नोव्हेंबर, मेलेल्या माणसांच्या आठवणीचा दिवस. सगळं गाव शेवंतीच्या कुंड्या आणि काचेचे दिवे घेऊन दफनभूमीत लोटलेलं. लुत्सिनाच्या वडिलांची, काझिमेझची, कबर चेस्टनटच्या झाडाखाली आहे. दगडावर वर त्यांचं नाव, खाली आनिएलाबाईंचं. त्यांचं जन्माचं वर्षही कोरलेलं, पुढची जागा तेवढी रिकामी. आमच्याकडे नवराबायकोचा दगड असाच एकदम करून घेतात. आनिएलाबाई दर वर्षी ओल्या फडक्याने स्वतःचं नाव पुसायच्या आणि म्हणायच्या, "जागा धरून ठेवलीय बाई." यंदाही म्हणाल्या.

तेवढ्यात त्यांचे धाकटे दीर विन्त्सेंती आणि जाऊबाई स्तेफा आले. विन्त्सेंती जुन्या वळणाचा माणूस. भेटला की वहिनीचा हात ओठांना लावल्याशिवाय बोलायचा नाही. आनिएलाबाईंनी नेहमीसारखा हात पुढे केला.

विन्त्सेंतीने आपले हात कोटाच्या खिशातून काढलेच नाहीत.

"काय रे, संधिवात की काय?" आनिएलाबाईंनी चेष्टा केली. हात अजून तसाच.

"माझ्या बापाला जर्मनांनी गोठ्याच्या भिंतीशी उभा करून मारला," विन्त्सेंती दगडाकडे बघत म्हणाला. "मी तेव्हा आईच्या पोटात होतो. या दगडावर भावाचं नाव राहील. खालचं तासून टाकायचं. मी ठरवलंय."

"खालचं तर माझं आहे."

"म्हणूनच."

ही माणसं पन्नासहून जास्त वर्षं एका टेबलावर जेवलेली!

"काय झालंय तरी काय?" आनिएलाबाईंनी विचारलं.

"तुमच्या लेकीला विचारा. साऱ्या खानदानाला कळवलंय तिने. तुम्ही कोण, कुठल्या, तुमची आई कोण."

आनिएलाबाईंनी हात खाली घेतला. लेकीकडे वळून पाहिलं. तपासणी कसली होती ते लुत्सिनाने कसंबसं सांगितलं. आई रडेल, ओरडेल, नाही म्हणेल, असं तिला वाटलं. आई शेजारच्या बाकावर बसली आणि हातातल्या फडक्याची घडी घालू लागली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"मला वाढवलं ती आई पूर्वेकडून आली होती. तिला इथे जर्मनांनी सोडलेलं घर मिळालं आणि त्याच घराच्या चुलीमागे मी मिळाले. लग्नाच्या आदल्या दिवशी तिने मला सांगितलं. मी काझिमेझला सांगितलं, लग्न मोडायचं तर मोड म्हटलं. तो म्हणाला, दोघांना माहीत आहे तेवढं पुरे." मग तिने विन्त्सेंतीकडे पाहिलं. "त्याचाही बाप तोच होता रे, गोठ्यापाशी मारलेला."

विन्त्सेंतीने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"आणि तो मोठ्या क्रुसाजवळचा दिवा?" लुत्सिनाने हळूच विचारलं. ज्यांची कबर कुठे आहे ते ठाऊक नाही, त्यांच्यासाठी लोक तिथे दिवे लावतात. आईही दर वर्षी एक लावायची.

"तिच्यासाठीच. नाव ठाऊक नाही, म्हणून नुसतं 'आई' म्हणून लावते." आनिएलाबाई थांबल्या. "लुत्सिना, तिचं नाव सापडलं का तुला?"

"हो."

"ते पण सगळ्यांना कळवलंस?"

लुत्सिनाने मान खाली घातली.

"म्हणजे माझ्या आईचं नाव विन्त्सेंतीला माहीत आहे. ग्दान्स्कच्या भाच्यांना माहीत आहे. मला सोडून सगळ्यांना माहीत आहे."

हे ऐकून लुत्सिनाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. इतकी वर्षं ती नावं शोधत होती, आणि ज्या एका बाईला हे नाव हवं होतं तिच्यापर्यंतच ते पोचलं नव्हतं.

आतापर्यंत गप्प असलेल्या स्तेफाकाकूंनी पिशवी खाली ठेवली. "आता माझं ऐका. विन्त्सेंती, तुझ्या बापाला मारलं तेव्हा हिला धड चालताही येत नव्हतं. मी बाळंतपणात मरायला टेकले होते, तेव्हा तुझ्या लेकाला अंगावर पाजलं कोणी? ते दूध जर्मन होतं की पोलिश, विचारलं होतंस? मग नाव तासायला निघालास कोणत्या तोंडाने?" मग त्या पुतणीकडे वळल्या. "आणि तू गं? गुपिताच्या पेटीला कुलूप होतं. किल्ली आईकडे होती. तू ती चोरलीस आणि वर आम्हाला फुलं पाठवलीस. मुळं शोध की, कोण नको म्हणतंय? पण जिवंत माणसाच्या अंगातून उपटून काढशील तर रक्त येणारच."

"काकू, मी पुसून टाकते सगळं."

"काय पुसतेस आता? वाचलं सगळ्यांनी," आनिएलाबाई म्हणाल्या आणि पिशवीतून दिवा काढून क्रुसाकडे चालू लागल्या. लुत्सिना मागोमाग गेली. आईला आधार द्यावा की देऊ नये, हेही तिला कळेना.

वारा होता. काडी दोनदा विझली. तिसऱ्या काडीच्या वेळी कोणाची तरी जुनी टोपी दिव्याआड आली. विन्त्सेंती होता. तो क्षमा मागणाऱ्यांतला नव्हता आणि त्याने मागितलीही नाही. वात धरेपर्यंत टोपी तशीच धरून राहिला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "वहिनी, दगडाचं राहू द्या. बोललो ते बोललो."

"बोललास ते माझ्या लक्षात राहील," आनिएलाबाई म्हणाल्या. पण हात त्यांनी पुन्हा पुढे केला.

वाचकहो, आपले पूर्वज कोण होते हे जरूर शोधा. मुलाबाळांना सांगा. पण ज्या माणसाची ती कहाणी आहे ते माणूस जिवंत असेल, तर आधी त्याच्यापाशी जाऊन बसा आणि विचारा. त्याच्या आयुष्यातलं गुपित आपल्या हाती लागलं म्हणून ते आपलं होत नाही. आणि रक्त कुठलं निघालं यावरून ज्याला आपल्याच माणसाची जागा तासावीशी वाटते, त्याने आधी त्या माणसाच्या हातचं काय काय खाल्लंय ते आठवावं.

लुत्सिनाला हे त्या दिव्यापाशी कळलं. ती आईशेजारी खाली बसली. नाव ओठांवर आलं होतं, पण या वेळी ती थांबली.

"आई, सांगू का?"

आनिएलाबाईंनी दिवा क्रुसाच्या पायथ्याशी सरकवला.

"सांग," त्या म्हणाल्या. "हळू सांग. फक्त मला."