शंभराच्या घरातला साप

हिंगोली जिल्हा होऊन तीन महिने झाले होते. जिल्हा नवा, तेव्हा कागदही नवे येत. त्यातल्या एकानं कळवलं की प्रत्येक शाळेनं एखाद्या सणाच्या खाण्यावर आठ पानांची चित्रकथा करून पाठवावी. साखऱ्याच्या आमच्या शाळेत चित्र काढता येणारं कुणी नव्हतं, म्हणून काम माझ्यासारख्या मास्तराकडे आलं.

सण मी नागपंचमीचा घेतला. मला पट्टीनं चौकोन तेवढे बरे जमतात. चित्रकथेला चौकोन लागतात, सापशिडीला लागतात आणि पंचमीची दिंडं, कणकेत पुरण गुंडाळून उकडलेली, तीही चौकोनीच. गोष्ट सापशिडीवर बेतली. लाल सोंगटी दूध-लाह्या खाते, शिडी चढते. बाजारातली शिळी भजी खाते, साप गिळतो. अगदी शास्त्रीय.

आमच्या मायनं, म्हणजे आशाबाईनं, चुलीपुढं बसून पानं पाहिली.

"काहून रे सोमेश्वर, पंचमीला सापाला वंगाळ दाखवून राहिलास?"

"माय, तो खेळातला साप हाये."

"खेळातला असो का बांधावरला. परवा त्येलाच भाऊ म्हणून पूजायचं ना? बदल त्येला. न्हाईतर माझ्या दिंडाला हात लावू नको."

तिचा राग सापाबद्दल नव्हता. माझ्या धाकट्या बहिणीची, साधनाची, लग्नानंतरची ही पहिलीच पंचमी. तिला माहेरी आणायला वडील, किसनराव, मुराळी म्हणून डोंगरकड्याला जाऊन आले होते आणि रिकाम्या हातानं परतले होते. साधनाच्या सासूबाईंनी, रुख्मिणीबाईंनी, सांगितलं होतं, खुरपणी खोळंबली, सून धाडता येत न्हाई. तेव्हापासून माय फक्त भांड्यांशी बोलत होती.

"मग सापाला काम काय देऊ?" मी विचारलं.

"लेकीला घरी पोचवायचं. शिडी चढून चढून पोरीचे पाय दुखतेत. सापावर कसं, बसली की एका झटक्यात मायच्या दारात."

इतकी वर्षं पोरांना सापशिडी खेळताना पाहत होतो, पण हे सुचलं नव्हतं. मी सगळं नव्यानं काढलं. सोंगटीला वेणी आली. डोक्यावर हंडा, वैरण, शेणाची पाटी घेऊन ती शिड्या चढते. नव्व्याण्णववर साप तिला पाठीवर घेतो आणि सरळ दोनच्या घरात आणून सोडतो. तिथं माय दिंडाच्या पातेल्यावरचं झाकण काढून राहिली आहे. शंभराचं घर रिकामं दिसत होतं, तिथं सासू बसवली. मी जवळून पाहिलेली सासू एकच, साधनाची. आयुष्यात माझं कुठलंही चित्र कुणासारखं दिसलेलं नाही. नेमकं हे दिसलं.

पंचमीच्या आदल्या दिवशी मायनं लाह्यांच्या पिशवीत चित्रकथा कोंबली. "आता तू जा मुराळी. साधनाला न्हाई धाडलं तर निदान हे तरी वाचंल."

डोंगरकड्याला रुख्मिणीबाई ओट्यावरच होत्या. "मास्तर, तुमच्या वडलांना सांगितलं की समदं," म्हणत त्यांनी पिशवी उपडी केली. लाह्यांबरोबर चित्रकथा बाहेर पडली. त्यांना वाचता येत नव्हतं. साधना मोठ्या उत्साहानं वाचू लागली आणि शंभराच्या घराशी तिला खोकला आला.

"शंभरावर बसली ती कोण गं? मी हाये व्हय?"

"सोंगटी हाये, मावशी," मी म्हणालो. "काळी."

"नथ माझी हाये."

त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं. "पोरीला साप हाये. हिला काहून न्हाई?"

"शंभरावर साप नसतो. तिथं खेळ संपतो."

"तुमचा संपत असंल." त्यांनी पान मांडीवर ठेवलं. "आज भावाचा उपास. बारा वरसं झाली माहेराहून, पुसेगावाहून, मुराळी आला न्हाई, पण म्या उपास सोडला न्हाई. त्येला वाटत असंल, बहीण पोचली शंभरावर, आता तिला कायची तकलीफ."

साधना माझ्याकडे पाहत होती. मी खिशातला लाल पेन काढला आणि शंभरावरून खाली एक साप सोडला.

"कुठवर जातो ह्यो?"

"पुसेगावापातुर."

"बारीक काढला. मला पेलंल काय?" असं म्हणून त्या आत गेल्या आणि लुगड्याची पिशवी घेऊन बाहेर आल्या. "साधना, चल. मास्तर, हिंगोलीहून जीप करा."

मला गप्प बसता आलं नाही. "अन् खुरपणी?"

"पंचमीला भुई उकरतेत व्हय? शिकलेले ना तुमी?"

पुसेगावात त्यांचा भाऊ कोंडीबा दारात दाढी करत होता. "अक्का, तू? अशी एकाएकी?"

"मुराळी पाठवला न्हाईस, म्हणून मीच एक धरून आणला," अक्का माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. कोंडीबानं अर्ध्या दाढीनिशी बहिणीच्या पायावर डोकं ठेवलं. बहिणीच्या लुगड्याला फेस लागला.

संध्याकाळी साधना आमच्या दारात उतरली. माय भांडी सोडून माणसांशी बोलू लागली, ती पंचमीच्या रात्रीपर्यंत थांबली नाही. मला सात दिंडं मिळाली.

चित्रकथा तशीच जिल्ह्याला पाठवली, ती महिन्याभरानं परत आली. वर शेरा होता: शंभराच्या घरात साप असू शकत नाही. योग्य ती दुरुस्ती करून पाठवावे.

मी दुरुस्ती केली. साप चांगला जाड केला आणि पाठवून दिली.