वासराच्या उंचीवर

"उभ्यानं वास घेऊन सांगू नकोस. खाली बस, वासराच्या उंचीवर, आणि मग बोल," आई म्हणायची. लहानगी लेक नाक मुरडायची. "वास तो वास, आई! त्याला कसली आलीये उंची?" आणि पेंढ्याच्या ढिगावर उडी मारून पसार व्हायची.

आई मात्र रोज सकाळी गोठ्यात बुटक्या स्टुलावर बसायची. वासरं तिची बाही चघळायची आणि ती शांतपणे लांब श्वास घ्यायची. डोळे चुरचुरले की हाक यायची, "अहो, पेंढा बदला!"

"झालं, निघालं फर्मान," म्हणत बाबा यायचे. बाजूचे ताडपत्रीचे पडदे दोरीनं वर सरकायचे, कप्पी कुरकुरायची आणि वासरांच्या पाठीवर कोवळं ऊन पडायचं. पुढे शहरात कुठल्याही दाराची बिजागरी कुरकुरली, की लेकीच्या नाकाशी ताज्या दुधाची वाफ यायची.

आई गेली. बाबा एकटेच गोठा सांभाळत राहिले.

रांगत्या लेकीला घेऊन ती माहेरी आली, तेव्हा बाबांनी आधी तिला शेणाचा खड्डा दाखवायला नेलं. वरून जाड आवरण, त्यातून निघालेली नळी थेट शेगडीपर्यंत. "मिथेन हवेत सोडत नाही आता, त्यावर दूध तापवतो. नव्या घरांतले शेजारी वासावरून डोकं खायचे. आता कुणी ब्र काढत नाही."

"आणि गोठ्याचे पडदे का पाडलेत?"

"तोही वास आतच कोंडला! खड्ड्याला जमलं, ते गोठ्याला का नाही?" बाबा हसले आणि हसता हसता खोकले. "थंडीचा आहे गं," त्यांनी लगेच सांगून टाकलं. तिनं विचारलंही नव्हतं.

बाबांच्या खोलीचं एक दार गोठ्यात उघडायचं, वासरू हंबरलं तर ऐकू यावं म्हणून. दुपारी तिची लेक रांगत त्या दाराशी गेली आणि डोळे चोळत रडायला लागली. ती धावली. गुडघ्यावर बसून तिला उचलणार, तोच घशात काहीतरी टोचलं. डोळ्यांत पाणी आलं. उभी राहिली तर नेहमीचा गोठ्याचा वास, बाकी काही नाही. पुन्हा वाकली, पुन्हा तेच. पलीकडे वासरांचे डोळे गळत होते आणि त्यातलं एक अगदी बाबांसारखं खोकत होतं.

लेकीला तिनं अंगणात नेऊन शेजारच्या काकूंकडे दिलं. गोठ्यातल्या पोत्यांखालून आईचं स्टूल ओढून काढलं.

"बाबा, बसा इथे."

"आधी माझ्या गुडघ्यांना विचार."

"त्यांना मी धरते. बसा."

बाबा बसले. त्यांनी एक श्वास घेतला, दुसरा अर्धाच राहिला. मग डोळे पुसत म्हणाले, "हे पाणी तिच्या आठवणीचं की मुतातल्या अमोनियाचं, काही कळेना बघ."

"खड्ड्यात कुणी राहत नाही, बाबा. इथे तुम्ही राहता."

"आणि शेजारी बोंबलले तर?"

"ओला पेंढा रोज काढा, मुताची गटार वाहती ठेवा. वास मुळातच कमी होईल. आई तेच करायची ना? तेव्हा आली होती कुणाची तक्रार?"

"तेव्हा शेजारी तरी कुठे होते!"

दोघंही हसले. तिनं दोरी ओढली आणि कप्पी तश्शीच कुरकुरली. ओला पेंढा दोघांनी मिळून काढला. संध्याकाळी बाबांचं अंथरूण पुढच्या खोलीत हललं, आणि दुसऱ्या दिवशी कुरकुर करत का होईना, ते डॉक्टरकडे गेले.

आता ती शहरातून रोज सकाळी फोन करते. "बसलात का?"

"बसलोय गं बाई!"

पण बाबांच्या शब्दावर तिचा भरवसा नाही. "आधी कप्पी ऐकवा," म्हणते. तिकडून कुरकुर ऐकू आली, तरच तिचा चहा घशाखाली उतरतो.

आणि भेटेल त्याला ती एकच विनवणी करते, तुम्हालाही करते आहे. तुमचं कुणी असं एकटं गोठा सांभाळत असेल, तर नुसतं फोनवर विचारून थांबू नका. "बरा आहे" हे सगळे उभ्याउभ्याच सांगतात. जाऊन या. वासरांपाशी खाली बसा आणि एक लांब श्वास घेऊन बघा.