तेरावा प्रश्न

वेदवतीबाईंचा नेम मोडत नसे. तुळशीला पाणी, पाच प्रदक्षिणा, मग तोंडात पाण्याचा घोट. आदल्या दिवशी भरलेले फॉर्म वेणुगोपाळाच्या पायांशी ठेवायचे आणि मगच पिशवीत घालायचे. कुंभकोणमच्या मराठी घरातली ही हळू बोलणारी बाई सत्त्याण्णव साली एका आरोग्य-संशोधनाच्या कामाला लागली होती.

"सामाजिक भांडवल मोजायचंय," वैद्यनाथसरांनी समजावलं होतं. "म्हणजे माणसाला माणसं किती. ज्या गल्लीचा आकडा सगळ्यांत कमी, तिथं आठवड्यातून दोनदा नर्स पाठवू."

तिरुभुवनमला विणकरांच्या गल्लीत गोमती एकटीच राही. वय सत्तरीचं, काळीज दुखरं. तेरावा प्रश्न होता: आजारपणात तुम्ही कुणाकडे मदत मागितली?

म्हातारी ताठ झाली. "मी मागेन? कुणाकडे नाही!"

बाईंनी शून्य लिहिलं. गल्लीभर तेच उत्तर. मागणं म्हणजे कमीपणा. आकडा तळाला गेला आणि नर्स त्या गल्लीला ठरली. गोमतीच्या अंगठ्याचा ठसा तेवढा फॉर्मवर घ्यायचा राहून गेला होता.

तो घ्यायला बाई पहिल्या बसनं गेल्या. दारोदारी सडा पडून पिठाच्या रांगोळीचे कोलम रेखले होते. गोमतीचा उंबरा मात्र कोरडा. सकाळी उंबरा रिकामा म्हणजे घरात काहीतरी अभद्र.

त्या कडी वाजवणार तोच समोरची जयलक्ष्मी धावत आली. तिनं दार ढकललं.

"पाटी! अगं आजी, कोलम कुठंय? मेलीस का काय?"

"मेले असते तर ओ दिली असती का गं, भवाने?" आतून क्षीण आवाज आला. पहाटे छातीत कळ आली होती.

पाठोपाठ शेजारची शिवकामी कॉफी घेऊन आली. "गोळी घेतलीस? जीभ दाखव. मागच्या वेळी उशाखाली लपवलीस." मागच्या दारानं गल्लीतली आणखी एक सून डोकावली. जयलक्ष्मीनं पाण्याचा सडा मारला आणि म्हातारीच्या दारात स्वतःच कोलम काढायला बसली. मासी महिन्यात, शिवरात्रीच्या सुमारास, हिनंच म्हातारीला उचलून रिक्षात घातलं होतं, हेही बोलता बोलता कळलं.

"पाटी, तुम्ही तर कुणी नाही म्हणालात!" बाई म्हणाल्या.

"मी कुठं मागितलं? या आपणहून येतात."

बाईंनी पिशवीतून फॉर्म काढला. मग हळूच म्हणाल्या, "हे लिहिलं तर आकडा वाढेल. नर्स दुसऱ्या गल्लीत जाईल."

"मग लिहू नका ना, अक्का!" जयलक्ष्मी दारातूनच ओरडली. "आम्हांला कागदावर नाही म्हटलं म्हणून आम्ही काय मरतो? हिला नर्स हवी."

गोमतीनं छातीवर हात ठेवला. "हवीच गं. रात्रीची भीती वाटते मला. पण तू माझं दार ढकलायचंस, आणि मी कुणी नाही म्हणून अंगठा उठवायचा?"

बाईंनी शून्य खोडलं. तीन नावं लिहिली. रकान्यात मावेनात, ती समासात गेली. म्हातारीनं अंगठा उठवला.

वैद्यनाथसर चिडले. "प्रश्न 'मागितली का' असा आहे, 'आली का' असा नाही!"

"मग प्रश्न चुकलाय, सर," वेदवतीबाई म्हणाल्या. चढ्या आवाजात नाही, पण त्यांनी मान खाली घातली नाही.

प्रश्न बदलून गल्लीत पुन्हा विचारला गेला. आकडा वाढला. नर्स साक्कोट्टैच्या एका गल्लीला गेली. तिथं खरोखरच कुणाला कुणी नव्हतं. बाई स्वतःला हे रोज सांगत.

ऐप्पसी महिन्यात, दिवाळीच्या सुमारास, त्या तिरुभुवनमला उतरल्या. गल्लीच्या तोंडाशीच पाय थबकले. गोमतीचा उंबरा कोरडा होता. जयलक्ष्मीचाही, शिवकामीचाही. थेट टोकापर्यंत एकाही दारात रांगोळीची रेघ नव्हती.

"काल पहाटे," जयलक्ष्मी म्हणाली. "मी दार ढकललं तेव्हा पाटीचे हात गार झाले होते. सगळं उरकेपर्यंत गल्लीत कोण रांगोळी काढणार, अक्का?"

नर्स असती तर? बाईंच्या ओठांवर आलं, पण विचारायचं कुणाला! त्यांनी चपला काढल्या आणि कोरड्या उंबऱ्यांमधून अनवाणी चालत आत गेल्या. पिशवीतले फॉर्म त्या दिवशी त्यांनी बाहेर काढलेच नाहीत.