पिठाच्या डब्यातलं पदक

"अगं, त्या शिवणवाल्या वहिनीच्या गळ्यातलं पदक आहे ना, ते तिच्या नवऱ्यानं दिलेलं नाहीच मुळी. ते म्हणे तिच्या त्या…"

जिन्यात एवढं बोलून काकू एकदम गप्प झाल्या. कारण वहिनी जिन्याच्या वळणावर आली होती आणि तिच्या गळ्यात मी होतो. होय, मी तेच पदक बोलतोय. काकूंनी लगेच सूर बदलला, "कापड आणलंस वाटतं? पोत छान आहे हो!" खालची इस्त्रीवाली मान खाली घालून हसली.

या काकू वहिनीच्या भिंतीला भिंत लागून राहतात. अख्खी इमारत त्यांना पाठीमागं भोंगा काकू म्हणते. मनानं वाईट नाहीत. कुणाला ताप आला तर जेवणाचा पहिला डबा त्यांच्याकडून जातो. फक्त ताप कशानं आला आणि कुणामुळं आला, हे त्यांना कळल्याशिवाय चैन पडत नाही.

माझा जन्म नावं कोरणाऱ्याच्या दुकानात झाला. तिथं आम्ही नाना तऱ्हेचे होतो. शर्यतीत पहिले आलेल्यांची पदकं फितीला लटकत होती. माळेत मधोमध ओवायची नाजूक पदकं कापसात निजली होती. हमालांचे नंबरचे बिल्ले होते, कुणाच्या तरी कुत्र्याच्या पट्ट्याची चकतीसुद्धा होती. प्रत्येकाला काहीतरी सांगायचं होतं: हा जिंकला, ही नटली, हा कामावर आहे, हा हरवला तर या घरी आणून द्या.

मला सांगायचं होतं ते माझ्या पाठीवर दोन ओळींत कोरलं होतं. 'पेनिसिलिन देऊ नका. जिवाला धोका.'

त्या कोरणाऱ्याचं वहिनीशी लग्न ठरलं होतं. तेवढ्यात कसल्याशा दुखण्यात तिला ते इंजेक्शन दिलं आणि ती मरता मरता वाचली. कोरणाऱ्याची आई म्हणाली, "एका सुईनं आडवी होणारी सून मला नको." आईपुढं त्याच्या तोंडातून शब्द फुटला नाही. लग्न मोडलं. मग त्यानं मला घडवलं आणि तिच्या हातात ठेवलं. "माझं चुकलं असेल, पण हे गळ्यातून काढू नकोस."

पुढं वहिनीचं दुसरीकडं लग्न झालं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. नवऱ्यानं विचारलं, "हे कसलं गं पदक?" तर म्हणाली, "नुसतं शोभेचं." तेव्हापासून माझी अक्षरं तिच्या छातीकडं वळलेली. घामानं, कापडानं, वर्षानुवर्षांच्या घासण्यानं ती झिजत चालली होती. मला कळत होतं. पण करतो काय?

एकदा मशीनची सुई तिच्या बोटात आरपार गेली. लग्नघरचे कपडे वेळेत द्यायचे म्हणून तिनं चिंधी गुंडाळली आणि शिवत बसली. हात कोपरापर्यंत सुजला. अंगाची भट्टी झाली, ती काहीबाही बरळू लागली, तेव्हा नवरा गाडी आणायला धावला.

सासूबाई आल्या आणि तिच्या बांगड्या काढू लागल्या. "दवाखान्यात दागिने नेऊ नयेत. शुद्ध नाही तिला, कुणी ओरबाडून नेलं म्हणजे?" कानातलं काढलं. मग त्यांचा हात माझ्याकडं आला.

वहिनीनं मला मुठीत धरलं. "राहू दे… हे राहू दे…"

"अगं, कुठं पळून जात नाही तुझं पदक!" सासूबाईंनी एकेक बोट सोडवलं. किती मायेनं, किती काळजीनं!

मी ओरडलो हो. उलटं करून बघा, एकदाच बघा! पण माझा आवाज म्हणजे माझी अक्षरं, आणि माझ्या पाठीकडं बघतंय कोण?

घर बंद राहणार म्हणून आमचं गाठोडं काकूंकडं गेलं. काकूंना चोरांची भारी धास्ती. त्यांनी गाठोडं सोडून आम्हाला थेट पिठाच्या डब्यात खुपसलं आणि झाकण दाबून बसवलं.

आत अंधार. नाकातोंडात पीठ म्हणावं, तर मला नाक नाही आणि तोंडही नाही. ज्या एका दिवसासाठी मी जन्मलो तो दिवस आज होता, आणि मी डब्यात होतो. मी तिथं जे भोगलं ते वैऱ्याच्या वाट्यालाही येऊ नये.

बाहेर काकूंची पावलं डब्यापाशी येत, परत जात. शेवटी झाकण उघडलं. "जुन्या माणसानं दिलंय म्हणे. अजून भेटतो म्हणे," काकू स्वतःशीच पुटपुटल्या. "मागं नाव असेलच की मेल्याचं!"

त्यांनी मला वर काढलं, फुंकर मारली. वरचं पीठ उडालं, पण झिजलेल्या अक्षरांच्या रेघांत अडकलेलं तसंच राहिलं. काळवंडलेल्या धातूवर अक्षरं पांढरी उमटली.

"पे… नि… सि… हे कसलं बाई आडनाव?" मग दुसरी ओळ वाचली. "अगं आई गं!"

त्यांनी वहिनीच्या नवऱ्याला फोन लावला. घंटी भिंतीपलीकडं, बंद घरातच वाजली. गडबडीत तो फोन विसरून गेला होता. मग काकू दवाखान्याकडं धावल्या. दार सताड उघडं, कोपरापर्यंत पीठ, पायांत दोन जोड्यांच्या दोन चपला.

आम्ही पोचलो तेव्हा औषध नळीतून चाललंच होतं. वहिनीचा चेहरा ओळखू येत नव्हता. ओठ निळे, श्वासाची शिट्टी वाजत होती. डॉक्टरांनी आधी विचारलं होतं, कुठलं औषध सोसत नाही का? नवरा म्हणाला होता, "छे हो, हिला कधी काही झालेलं नाही."

भोंगा काकूंचा आवाजच बसला. त्यांनी मला डॉक्टरांच्या नाकासमोर धरलं.

"बंद करा ते! आधी नळी काढा!"

मग दुसरं इंजेक्शन, धावपळ, पडदा. मी नवऱ्याच्या मुठीत. तो मूठ उघडायचा, वाचायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा.

वहिनी वाचली. तिची दोन बोटं अजून वळत नाहीत, दोरा ओवायला आता दुसऱ्याला हाक मारावी लागणार. बोलता यायला लागल्यावर तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"आणि तुम्हीपण सोडलं असतंत तर?"

त्यानं मला उशाजवळून उचललं आणि खिशात घालून तो निघून गेला. ती जास्तच घाबरली.

तो थेट कोरणाऱ्याच्या दुकानात आला. म्हातारपणाकडं झुकलेल्या त्या माणसानं मला भिंगाखाली धरलं आणि त्याचा हात थांबला.

"हे काम माझं आहे."

"माहितीय."

"ती…?"

"आहे. थोडक्यात वाचली."

कोरणारा खाली बसला. मग म्हणाला, "लग्न मोडल्यापासून मी तिला पाहिलेलंसुद्धा नाही. शपथेवर सांगतो."

"लोकांचं अर्धं खरं निघालं म्हणायचं," नवरा म्हणाला. "भांडायला नाही आलो. अक्षरं झिजलीत. नव्यानं कोरा. आणि या वेळी पुढच्या बाजूला."

"पुढं नक्षी आहे."

"पुसा ती."

आता मी पकडीत आवळलेला आहे. नक्षीवरून कानस फिरतेय, आणि खोटं कशाला सांगू, फार दुखतंय. तुमच्यापैकी कुणाच्या गळ्यात माझा भाऊबंद असेल, तर त्याला लपवू नका. आणि दुसऱ्याच्या गळ्यातून तो काढायची पाळी आलीच, तर आधी उलटून वाचा.

नवरा बाकावर वाट बघत बसलाय. कोरणाऱ्यानं पैसे घ्यायला नकार दिला. नवऱ्यानं ते टेबलावरच ठेवले.