बंद मशीनचे पंखे

दुपारी साडेबाराला पडद्यावरच्या नोंदी आपोआप गायब व्हायला लागल्या. कुणीतरी परका आत शिरलाय हे कळायला काय ज्योतिषी लागतो होय? दवाखान्याचे संगणक सांभाळणाऱ्या ताईंनी मशीन तडक बंद केलं. दिवे विझले. ताईंनी हुश्श केलं, तोच पंखे घोंघावत पुन्हा फिरायला लागले.

"भूतबीत आहे की काय हो?" दारातला वायरमन हसला.

ताईंना वाटलं, भूत परवडलं असतं! असल्या मशीनच्या पोटात दुसरा एक चिमुकला संगणक असतो. मोठं मशीन बंद करा नाहीतर बिघडवा, त्याला सोयरसुतक नाही. भिंतीत प्लग आहे तोवर तो जागाच. त्याची केबल वेगळी, पासवर्ड वेगळा. त्याच्यातून कुणीही लांबून मशीन चालू करावं, पडदा बघावा, बटणं दाबावीत. म्हणून ती केबल बाहेरच्या इंटरनेटला कधी जोडायची नसते. ताईंनी जोडली होती. मशीन अडलं तर घरबसल्या चालू करता यावं, एवढ्याचसाठी! आणि पासवर्ड कारखान्यातून आला तोच. उद्या बदलू, उद्या बदलू करत वर्ष गेलं. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला बाईनं.

कुठल्या रोग्याला कुठलं औषध चालत नाही, ती सगळी यादी त्याच मशीनमध्ये होती. आणि वर सात नंबरच्या खाटेवर ताईंचा सख्खा दादा होता. सकाळीच ऑपरेशन झालेलं, अजून गुंगीत.

पडद्यावरचा बाण सरकला. 'सगळं पुसायचं?' त्या परक्यानं 'हो' दाबलं.

"वीज तोडा!" ताई किंचाळल्या. "आता नुसती केबल काढून पुसणं थांबायचं नाही!"

वायरमननं मागची वायर उपटली. पंखे फिरतच राहिले.

"अहो, विजेच्या वायरी दोन असतात! दुसरी ओढा, दुसरी!"

त्यानं दुसरीही ओढली. खोली गप्प झाली. किती पुसलं नि किती उरलं, देव जाणे. पुन्हा चालू करून बघायची ताईंची छाती होईना.

तेवढ्यात फोन वाजला. वॉर्डातली सिस्टर होती. "ताई, यादीच गेली हो. सात नंबरचं इंजेक्शन भरून हातात धरलंय. त्यांना चालतं ना?"

"पेनिसिलिन असेल तर नको! अजिबात नको! लहानपणी मरता मरता वाचलाय तो!" ताईंना रडूच फुटलं.

"बरं झालं बाई, विचारलं," सिस्टर म्हणाली.

"आणि बाकीचे?" ताईंनी कसंबसं विचारलं. "बाकीच्यांना कुणाला दिलं नाहीत ना?"

"आधीच्या सहा जणांना दिलं की. त्यांच्या नावापुढे रकाना कोराच दिसत होता. मला वाटलं, काही वर्ज्य नसेल."